पंधरा दिवसांनी येते

दुपारचे तीन. मानसशास्त्र विभागातला पंखा कुरकुरतोय. हेमलता दांडगे फॉर्मांच्या गठ्ठ्यावर डोकं टेकते, पाच मिनिटांसाठी. डोळे मिटतात, तरी पंखा ऐकू येत राहतो. मग तो रहाटासारखा कुरकुरू लागतो.

समोर गिरजाबाई बसलीय. सावरखेडची. गेल्या महिन्यात विहिरीतून मेलेली काढलेली.

"आलीस व्हय?" गिरजाबाई लुगड्याचा पदर पिळते. "पंधरा दिसानं येते म्हणली व्हतीस."

खोटं इथंच आहे. प्रश्नावली पक्की आहे का, हे बघायला त्याच माणसाला पंधरा दिवसांनी तेच वीस प्रश्न पुन्हा विचारायचे असतात. ऊन फार होतं, एसटी चुकली. हेमलता गेलीच नाही. पहिल्या फॉर्मवरून दुसरा उतरवला, चार खुणा इकडच्या तिकडं केल्या, आणि गिरजाबाईच्या नावापुढं स्वतःचा अंगठा उठवला. अशा चाळीस बायका. उत्तरं जुळली, विश्वासार्हतेचा आकडा झकास आला. जुळणार नाहीत तर काय? विचारलंय कुणाला!

"इचार की आता," गिरजाबाई म्हणते. "मास्तर बी एवढे सवाल इचारत नव्हता, पर इचार."

टेबलाचं सारवलेलं अंगण होतं. चुलीपाशी झाकलेला चहा, वर साय धरलेली. हेमलता घाबरत विचारते, "गेल्या पंधरा दिवसांत जगणं नको वाटलं का?"

"नेहमी."

पेन लिहितं, कधीच नाही.

"नेहमी म्हणलं म्या."

हेमलता खोडते. पेन पुन्हा लिहितं, कधीच नाही. अंगणात पाणी चढतंय, घोट्यांपर्यंत, गार.

"पण मावशी, पहिल्यांदा तुम्हीच 'कधीच नाही' म्हणालात!"

"सासू दारात हुबी व्हती, येडे. तिच्याम्होरं काय सांगू? पंधरा दिसानं ती लेकीकडं जाणार व्हती, म्हणून तर 'ये' म्हणलं तुला. च्या ठिवला. सांजंपातूर वाट बघितली." ती फॉर्म उजेडात धरते. "ह्यो अंगठा कुणाचा?"

"माझा."

"मंग माझं त्वाच सांगायचं."

ओली, फुगलेली बोटं हेमलताचा डावा अंगठा धरतात आणि दाबतात. पाणी गळ्याशी येतं.

"दांडगे मॅडम! झोपलात काय?"

दारात विभागप्रमुख कुलथे सर. हातात अहवाल. "सही करा पटकन. चारला हा घेऊन गाडी निघते. सोमवारपासून जिल्ह्यातल्या सगळ्या दवाखान्यांत आपलीच प्रश्नावली. शून्य पूर्णांक एक्याण्णव! असा आकडा बघितला नाही कुणी."

हेमलता पेन घ्यायला हात पुढं करते आणि थबकते. डावा अंगठा निळा आहे. ओल्या शाईनं. ती खण उघडते. शाईचा पॅड महिनाभर वाळून कडक झालाय, झाकण गंजून बसलंय.

सोमवारी कुठल्यातरी दवाखान्यात कुणीतरी बाई 'कधीच नाही' म्हणेल. आणि तिला घरी पाठवतील.

ती गिरजाबाईचा दुसरा फॉर्म ओढून काढते. जुन्या ठशाशेजारी निळा अंगठा दाबते. रेघ न् रेघ जुळते.

"हे काय चाललंय?" सर म्हणतात.

"सर, गाडी थांबवा," हेमलता म्हणते. "हा अंगठा माझा आहे. चाळीसही माझेच."