एकनाथची पाच शितं

माझा नवरा एकनाथ बावीस वर्षं सिॲटलच्या एका विद्यापीठात दगड कापतो. प्रोफेसर मंडळी जगभरातून दगड आणतात, हा त्यांच्या पातळ चकत्या करून देतो आणि संध्याकाळी बॉथेलला घरी येऊन मला सांगतो, आज ग्रीनलँड होतं, आज पेरू. स्वतः मात्र कुठ्ठे गेला नाही. म्हणून गेल्या वर्षी केया, त्याची तरुण बॉस, म्हणाली, "काका, अंटार्क्टिकाला चला, करवत चालवायला तुम्हीच हवे," तेव्हा साठी उलटलेला हा माणूस स्वयंपाकघरात चक्क नाचला. तिथे दाताचा डॉक्टर नाही म्हणून मेडिकलसाठी दोन किडक्या दाढा काढून घ्याव्या लागल्या, तरी हसतच होता.

तिथे ज्या कोरड्या दरीत त्यांचा तळ होता, तिथे अंटार्क्टिका असूनही बर्फ नाही, गवत नाही, मुंगीसुद्धा नाही. नुसते खडक आणि वाळू. नियम मात्र असे, की आमच्या सासूबाईंचं सोवळं त्यापुढे काहीच नाही. अन्नाचा कण जमिनीवर पडता कामा नये, कारण पडला की वर्षानुवर्षं तसाच राहतो. सांडपाणीसुद्धा डब्यात भरून परत न्यायचं. ज्याचं काही मागे राहिलं, तो पुढच्या हेलिकॉप्टरने घरी.

पहिल्याच दुपारी पाकिटातला भात गरम पाण्यात भिजवून सगळे बाहेर जेवायला बसले. एकनाथला मुंजीपासून चित्राहुतीची सवय. ताटाभोवती पाणी फिरवायचं, उजवीकडे पाच शितं काढून ठेवायची, मग जेवायचं. पाणी फिरवायचं नाही, हे शहाण्याने लक्षात ठेवलं. हाताने मात्र शितं वाळूवर मांडली.

कुणी पाहिलं नव्हतं. गप्प बसला असता तर खपून गेलं असतं. पण हा उठला आणि केयाला म्हणाला, "माझी चूक झाली. पाच शितं खाली ठेवली." तेवढ्यात वारा सुटला.

केयासकट चार माणसं चिमटे घेऊन गुडघ्यांवर बसली. तासाभरात चार शितं सापडली.

"इट्स ओके काका," केया म्हणाली. "रिपोर्टमध्ये चारच पडली असं लिहिते, म्हणजे सगळी सापडली."

"पाच होती."

"यार काका, मग मला तुम्हाला परत पाठवावं लागेल!"

"पाठव. पण पाच लिही."

हे नंतर त्याच्याकडून ऐकताना मी अशी चिडले! इतकी वर्षं वाट पाहिली, ती काय एका शितासाठी घालवायला? आणि त्याच क्षणी मला त्याचा इतका अभिमान वाटला, की रडूच आलं.

केया जड पावलांनी रेडिओकडे निघाली. तेवढ्यात कुणाला तरी दिसलं, पाचवं शीत तिच्याच गुडघ्याला चिकटलेलं होतं. सगळ्यांनी इतका आरडाओरडा केला, की दरी दणाणली म्हणे.

दुसऱ्या दिवशी जेवताना केयाने नमुन्यांची एक रिकामी पिशवी त्याच्या ताटाशेजारी धरली. "यात ठेवा. पण ही कोणासाठी असतात?"

"आपल्याआधी जो कोणी भुकेला असेल, त्याच्यासाठी."

"इथे तर कोणीच नाही."

"नसू दे."

केयाने एकदा त्या ओसाड दरीकडे पाहिलं. मग स्वतःच्या भातातली पाच शितं मोजून पिशवीत टाकली आणि जेवायला लागली.