सव्वा तासाची प्रार्थना

माणसाने आयुष्यात एकदा तरी सगळं विसरून, मनापासून देवासमोर गुडघे टेकावेत, असं थोरामोठ्यांनी सांगून ठेवलंय. मी ते केलं. त्याचा एमआरआय माझ्याकडे आहे.

तो पडद्यावर लावून डॉक्टरबाई म्हणाल्या, "काका, इस्केमिक स्ट्रोक आहे." म्हणजे मेंदूकडे जाणाऱ्या रक्तवाहिनीत गुठळी अडकते आणि पुढच्या भागाला रक्त पोचत नाही. माझी गुठळी डाव्या बाजूला अडकली होती. बोलण्याचा कारभार तिथूनच चालतो. "किती गंभीर?" असं विचारायला मी तोंड उघडलं आणि तोंड उघडंच राहिलं. उजवा हात चादरीवर पडला होता, दुसऱ्या कुणाचा असल्यासारखा.

मग त्यांनी माझ्या बायकोला, बेट्टीला, विचारलं, "लास्ट सीन नॉर्मल किती वाजता?"

हा प्रश्न तुमच्यावरही येऊ शकतो, म्हणून समजून घ्या. झटका कधी आला, असं त्या विचारत नाहीत. माणूस धडधाकट होता याचा शेवटचा पुरावा किती वाजताचा आहे, एवढंच त्यांना हवं असतं. तिथपासून साडेचार तासांच्या आत गुठळी विरघळवणारं इंजेक्शन देता येतं. याला थ्रॉम्बोलायसिस म्हणतात. उशीर झाल्यावर दिलं तर मेंदूत रक्तस्राव होण्याचा धोका वाढतो, म्हणून मग देत नाहीत.

तेव्हा अकराला दहा मिनिटं कमी होती. पावणेसातला घराबाहेर पडताना मी "किल्ली घेतलीस ना?" असं विचारलं होतं. तिथून मोजलं तर पंचवीस मिनिटं उरत होती, आणि रक्ताचे रिपोर्ट यायलाच अर्धा तास लागणार होता.

मी छत्तीस वर्षं एका छापखान्यात मुद्रितशोधन केलं. दुसऱ्यांच्या वाक्यांतल्या चुका काढून पोट भरलं. बोलणं गेलं तर माझ्याकडे फारसं काही उरत नव्हतं. दिसायला मी कधीच बरा नव्हतो.

आता पावणेसात ते पावणेअकरा या वेळात काय झालं, ते सांगतो.

आम्ही अंधेरी पूर्वेच्या एका जुन्या गावठाणातले. चर्च घरापासून सात मिनिटांवर. लग्न ठरलं तेव्हाच मी बेट्टीला सांगितलं होतं, "दर रविवारी तुझ्याशेजारी येऊन बसेन. आत डोक्यात काय चाललंय ते विचारायचं नाही." तिने मान्य केलं. चौतीस वर्षांत मी एकही रविवार चुकवला नाही. डेंग्यूतून उठलो तो थेट मिस्सेला, म्हणजे चर्चमधल्या सामुदायिक प्रार्थनेला. आमच्या चर्चच्या अख्ख्या धर्मग्रामात इतकी चोख हजेरी दुसऱ्या कुणाची नसेल. मात्र मी गायलो नाही, प्रार्थना म्हटली नाही. उठायचं तेव्हा उठलो, बसायचं तेव्हा बसलो.

आणि उपदेशाची वेळ मोजली. ही माझी खासगी उपासना. चर्चमध्ये वाटतात त्या रविवारच्या पत्रिकेच्या मागे पेन्सिलीने सुरुवात, शेवट आणि एका ओळीचा शेरा. फादर मनाने चांगले आहेत, पण एकदा पवित्र भूमीच्या सहलीत एक उंट त्यांना पाठीवर घेऊन पळाला. तेव्हापासून तो त्यांच्या उपदेशात पळतोय, थांबलेला नाही.

बेट्टीची श्रद्धा वेगळी. ती डोळे मिटून गाते, आणि सूर चुकला तरी देवाला चालेल याची तिला खात्री असते. दर बुधवारी नोव्हेना, म्हणजे मागणं मागायची खास प्रार्थना. मागणं एकच: मार्टिनला, म्हणजे मला, एकदा तरी मनापासून प्रार्थना करता येऊ दे.

त्या रविवारी सातच्या मराठी मिस्सेत उपदेश संपला, मी नोंद केली, पत्रिका खिशात घातली. जरा वेळाने, आठच्या सुमारास, पेन्सिल हातातून पडली. ती उचलायला मी खाली वाकलो, गुडघे समोरच्या, गुडघे टेकायच्याच पाटावर टेकले, कपाळ पुढच्या बाकाला लागलं. उठावंसं वाटलं. उठता येईना. नेमकी तेव्हाच घंटा वाजली आणि सगळं चर्च माझ्यासोबत गुडघ्यांवर आलं.

मला सगळं ऐकू येत होतं. हे तुमच्यासाठी मुद्दाम लिहितो: बोलता न येणाऱ्याला ऐकू येत असतं.

मिस्सा संपली. महिन्याचा पहिला रविवार, म्हणजे लगेच पुढे आराधना: वेदीवर पवित्र भाकर ठेवतात आणि लोक तासभर तिच्यापुढे गप्प बसतात. संपूर्ण शांतता. झटका आलेल्या माणसाला कुणी हलवू नये, अशी याहून चांगली व्यवस्था मला सुचत नाही.

मागच्या बाकावर इनास होता. हा आमच्या सोडॅलिटीचा, चर्चमधल्या भक्तमंडळाचा, अध्यक्ष, शाळेपासूनचा दोस्त. तो कुजबुजला, "बेट्टी, याला काय झालं गं?"

"श्श," बेट्टी म्हणाली. "प्रार्थना करतोय."

"मार्टिन?"

"हो."

इनासने माझ्या वाकलेल्या पाठीकडे पाहिलं. मग म्हणाला, "राहू दे. देव बोलतो तेव्हा आपण मध्ये पडू नये." वर लोकांना खुणा करून त्याने आमचा बाक रिकामा ठेवला. शेजारून जाणारे चपला हातात घेऊन गेले. कुणीतरी माझ्याकडे पाहून हुंदका दिला.

सव्वानऊला आराधना संपली. बेट्टीने माझ्या पाठीवर हात ठेवला आणि मी कडेला कलंडलो.

इनासच्या गाडीतून आधी जवळच्या नर्सिंग होममध्ये गेलो. रविवार असल्याने मशीनवाला नव्हता. तिथे बीपी घ्या, ड्रिप लावा, यात वेळ गेला. ही चूक करू नका. चेहरा वाकडा, हात लुळा, शब्द गायब, यातलं एकही दिसलं तर सरळ सीटी-एमआरआय असलेल्या मोठ्या हॉस्पिटलात जा. आम्ही तिथे दहा वाजता पोचलो. मागोमाग फादरही आले, झगा न बदलता.

तर डॉक्टरबाईंचा प्रश्न.

"मिस्सेत प्रार्थना म्हणतात ना तुमच्यात?" त्यांनी विचारलं. "यांचा आवाज शेवटचा कधी नीट ऐकला?"

"खणखणीत गायला," इनास म्हणाला. "मी मागेच होतो. शेवटच्या गीतापर्यंत."

इनासला माझी अब्रू वाचवायची होती. शेवटच्या गीताला माझी लाळ पाटावर गळत होती.

डॉक्टरबाई लिहू लागल्या. बेट्टी म्हणाली, "खोटं आहे ते. तो गात नाही. चौतीस वर्षांत गायला नाही."

"बेट्टी, फादरांसमोर..." इनास म्हणाला.

"तू गप रे." तिने माझ्या शर्टाच्या खिशात हात घातला आणि पत्रिका काढली. तिला हे माहीत आहे, हे मला माहीत नव्हतं. चष्मा घरी राहिला होता, म्हणून तिने ती फादरांच्या हातात दिली. "मागे बघा. वाचा."

फादरांनी वाचलं. "सात चोवीस ते सात सेहेचाळीस. बावीस मिनिटं." ते थांबले.

"पुढे?" डॉक्टरबाई म्हणाल्या.

"उंट परत. यंदा तिसऱ्यांदा."

शेजारच्या खाटेवरचा पाय मोडलेला मुलगाही कण्हायचा थांबला.

"उंट म्हणजे? काही कोड आहे का?"

"माझ्या उपदेशात आहे," फादर म्हणाले. "शेवटी येतो. वेळ बरोबर आहे, डॉक्टर." मग जरा थांबून, "पण दुसऱ्यांदा."

डॉक्टरबाईंनी अक्षर पाहिलं. ओळ सरळ, काना-मात्रा जागच्या जागी. "सात सेहेचाळीसला हे नॉर्मल होते," त्या म्हणाल्या आणि माझ्या मुदतीत तासाभराची भर पडली. साडेअकराला इंजेक्शन दिलं. चौतीस वर्षांच्या हजेरीने जे मिळालं नाही, ते एका निंदेच्या ओळीने मिळालं.

तीन दिवसांनी पाय हलू लागला. हात थोडा. बोलणं नाही. याला अफेजिया म्हणतात: शब्द आत असतात, ओठांपर्यंत येत नाहीत. मला पाणी हवं असायचं आणि तोंडातून "त... त..." निघायचं. नर्स टॉवेल आणून द्यायची.

चौथ्या दिवशी फादर वॉर्डात आले आणि खाटेपाशी त्यांनी प्रभूची प्रार्थना सुरू केली. दुसऱ्या शब्दाला माझं तोंड उघडलं आणि अख्खी प्रार्थना बाहेर आली. स्वच्छ, न अडखळता, लहानपणी आईने घोकून घेतली होती तशी. बेट्टी फरशीवर गुडघ्यांवर बसली. नर्सने कपाळाला हात लावून क्रूस केला. फादरांचे डोळे भरले. रविवारी उपदेशात उंटाऐवजी मी होतो.

डॉक्टरबाईंनी दुसऱ्या दिवशी समजावलं, "ऑटोमॅटिक स्पीच आहे. घोकलेलं, पाठ असलेलं. अंक, गाणी, प्रार्थना. हे दुसऱ्या वाटेने येतं. यात त्यांचं म्हणणं काहीच नाही. शिव्यासुद्धा येतील."

आल्या. फिजिओथेरपिस्टने दंड वर केला तेव्हा तीन आल्या, इनाससमोर, पूर्ण व्याकरणशुद्ध. त्यांचा उल्लेख उपदेशात झाला नाही.

घरी आल्यावर दुसऱ्या आठवड्यातली दुपार. बेट्टी मला पेज भरवत होती. चमचा खाली ठेवून ती म्हणाली, "मार्टिन, मी पाहिलं होतं."

मी तिच्याकडे पाहिलं.

"तुझा हात लोंबत होता. पाट ओला होता. मला वाटलं, तू रडतोयस." ती खिडकीकडे बघत बोलत होती. "एकदा मनात आलं, हलवून बघावं. मग म्हटलं, नको. चौतीस वर्षं मागत होते रे. शेवटी मिळालं, आणि मीच कसं मोडू? मी खूश होते. तू मरत होतास आणि मी तिथे बसून देवाचे आभार मानत होते."

मला तिला एक वाक्य सांगायचं होतं. ते मनात जुळवून तयार होतं, पूर्णविरामासकट: तुला मी नको होतो, तुला एक भक्त हवा होता. ते ऐकून ती मोडली असती. मला ती मोडायला हवी होती. मी तोंड उघडलं, जोर लावला, आणि प्रभूची प्रार्थना सुरू झाली.

मी थांबायचा प्रयत्न केला. ती थांबवता येत नाही; एकदा गाडी उतारावर लागली की लागली. अपराधांची क्षमा मागायची आणि इतरांना ती करायची ओळ आली तेव्हा बेट्टीने माझा हात धरला आणि गालाला लावला. उजवा हात. मला स्पर्श कळला नाही, फक्त दिसला.

"कळलं मला," ती म्हणाली. "कळलं रे."

तिला काहीही कळलं नव्हतं. तोंड माझं होतं, म्हणणं माझं नव्हतं. पुढची ओळही आली, आमेनही आलं. नंतर ती पेज गरम करून घेऊन आली. कितीतरी दिवसांनी तिचा चेहरा उतरलेला नव्हता.

आता आठ महिने झाले. साठ-सत्तर शब्द परत आलेत. लिहिणं डाव्या अंगठ्याने, फोनवर, दिवसाला चार ओळी. ते वाक्य आता मला लिहिता येतं. वर लिहिलंच आहे. उजव्या बाजूचं मला धड दिसत नाही, त्यामुळे मुद्रितं बेट्टी तपासते. हेही तिने तपासलं. मी स्वयंपाकघरातल्या स्टुलावर बसून वाट पाहिली. तिने सगळं शांतपणे वाचलं, त्या वाक्यापाशी जरा जास्त थांबली, आणि एकच दुरुस्ती केली. मी मथळ्यात "तासाभराची" लिहिलं होतं. तिने ते खोडून "सव्वा तासाची" केलं.

"आठ ते सव्वानऊ," ती म्हणाली. "मोज."

क्षमा झाली की नाही, ते मी सांगू शकत नाही. प्रार्थना मात्र नेमाने होते. स्पीच थेरपिस्टने लिहून दिली आहे: पाठ असलेली गीतं मोठ्याने गावीत, आठवड्यातून निदान दोनदा, गटात असल्यास उत्तम. त्यामुळे मी आता रविवारी आणि बुधवारी गातो. चर्चमध्ये सर्वांत मोठा आवाज माझा असतो. पाहुण्यांना लोक मला दाखवतात.

तुमच्यापैकी कुणाचं माणूस असं आजारी पडलं, तर इतकंच: फार वेळ भक्तीत बसलेल्याला खांद्याला हात लावून हाक मारा. खरा भक्त असेल तर रागावेल. रागावला तर तो ठीक आहे.

बेट्टी हे शिकली आहे. गुडघ्यांवर आलो की दर दोन मिनिटांनी ती मला कोपर मारते, आणि मी जिवंत असल्याचा पुरावा म्हणून एक शब्द बोलायचा असतो. घाईत मला एकच शब्द सापडतो, त्यामुळे ऐन शांततेत माझं "आमेन" घुमतं. इनास डोळे पुसतो. बेट्टी डोळे मिटत नाही. तिच्या हातात पेन्सिल असते, माझी.

गेल्या रविवारची नोंद तिच्या अक्षरात आहे. उपदेश एकोणीस मिनिटं. उंट नव्हता.