राखून ठेवलेली चूक

आमच्या घरात रेंज फक्त हळदीच्या खोलीत येते, तीही खिडकीला चिकटून बसलं तर. म्हणून वसमतपासून आत असलेल्या आमच्या गावात, पोत्यांच्या थप्पीवर लॅपटॉप मांडून मी चार महिने सॉफ्टवेअर टेस्टिंग शिकले. म्हणजे दुसऱ्यानं केलेल्या कामातल्या चुका शोधायच्या. वय सत्तावीस, बीएस्सी होऊन पाच वर्षं उलटलेली. कोर्सच्या शेवटी नावापुढं 'जॉब रेडी'ची हिरवी खूण पडली तर नाव कंपन्यांकडं जाणार. नाही पडली तर बसा पुढच्या बॅचची वाट बघत. मला ती खूण हवी होती. हट्टालाच पेटले होते म्हणा ना.

वर्गात आम्ही चाळीस जण, पण कॅमेरे बंद. स्क्रीनवर नुसते काळे चौकोन अन् त्यात एकेक अक्षर. चार महिन्यांत मी एकाचंही तोंड पाहिलं नाही. बाहेर अंगणात आई-दादा वाळती हळद हलवत असायचे. पोरगी क्लासात आहे, तिला हाक मारायची नाही, असं त्यांनी ठरवून टाकलेलं. शेजारची काकू खिडकीतून डोकावून म्हणायची की पोरगी दिवसभर भिंतीशी बोलून राहिली. बोलत कुठं होते मी? ऐकतच होते. एकटं वाटायचं, फार एकटं. सिमकार्डवाल्यांचा जाहिरातीचा फोन आला तरी शेवटपर्यंत ऐकायचे.

मग शेवटचं काम आलं, जोडीनं करायचं. माझ्या वाट्याला कोडिंगच्या बॅचमधली, बुलढाण्याकडची एक मुलगी. तिनं दवाखान्यात ऑनलाइन नंबर लावायचं पान बनवलं होतं. त्यातल्या चुका मी सगळ्यांना दिसणाऱ्या तक्त्यात लिहायच्या, तिनं दुरुस्त करायच्या, अन् दहाव्या दिवशी दोघींची परीक्षा.

पहिल्याच दिवशी मला नऊ चुका सापडल्या. सगळ्यांत मोठी सहज हाती लागली. आमच्याकडं रेंजचा भरवसा नाही, म्हणून जो तो बटण दोनदा दाबतो. मीही दाबलं, तर एकाच पेशंटचे दोन नंबर लागले. तक्ता उघडला अन् हात थांबला. पंगतीत वरणाला मीठ कमी असलं तर आमच्यात कुणी पानावरून ओरडत नाही. हळूच चुलीपाशी जाऊन घरच्या बाईच्या कानात सांगतात. चार लोकांत लेकीबाळीचं उणं काढायचं, ते कसं जमावं?

मी फोन केला. एक बारीकशी चूक सांगितली. ती हसली, दहा मिनिटांत दुरुस्त करून मोकळी झाली. मग मागं कसला आवाज आहे म्हणाली. हळद घोळून चकचकीत करायचा ड्रम फिरतोय म्हटलं, तर तो काय असतो, कसा असतो, सगळं विचारलं. तिच्या होस्टेलचं सांगितलं, भाजीत नुसतं पाणी असतं म्हणाली. तासभर बोललो. मला ताई म्हणायला लागली. ठेवताना तिनं विचारलं, अजून काही आहे का? मी म्हटलं, उद्या बघून सांगते. लबाड कुठली!

मग रोज दुपारी एक चूक अन् तासभर गप्पा. आठ दिवसांत आठ झाल्या. त्या दुरुस्त झालेल्या, मग लिहायचं काय? तक्ता कोराच राहिला. तेवढे आठ दिवस मला जेवण गोड लागलं. सगळ्यांत मोठी चूक शेवटच्या दुपारसाठी ठेवली होती.

नवव्या दिवशी सकाळी निरोप आला की परीक्षा एक दिवस आधी, आत्ताच. फोन करायलाही सवड मिळाली नाही. सरांनी तिचं पान उघडलं, नाव भरलं, बटण दाबलं. जरा वेळ लागला म्हणून पुन्हा दाबलं. दोन नंबर लागले. तिच्या पानावर लाल शेरा पडला. माझ्या कोऱ्या तक्त्याकडं बघून सर म्हणाले की टेस्टरला काहीच दिसलेलं नाही. दोघींनाही खूण मिळाली नाही. आठ चुका मी तोंडी सांगितल्यात हे मी बोललेच नाही. बोलले असते तर नववीचंही निघालं असतं.

दुपारी नेहमीच्या वेळेला तिचाच फोन आला.

"ताई, ती दोन नंबरची चूक तुम्हाला दिसली नव्हती का?"

दिसली नाही म्हटलं असतं तर निभलं असतं. पण जीभ वळली नाही.

"दिसली व्हती. पहिल्याच दिवशी."

"मग काहून नाही सांगितली?"

"सांगून टाकली असती, तर आज तुला फोन करायला माझ्याकडं निमित्त काय उरलं असतं?"

बाहेर ड्रम फिरत होता.

"ताई, तुम्ही तसाच केला असता ना, तरी मी उचलला असता," ती म्हणाली, अन् तिनं फोन ठेवला.

पुढच्या बॅचला मी पुन्हा नाव घातलंय. तिनं घातलं की नाही, मला माहीत नाही. विचारायला तिचा नंबर आहे माझ्याकडं. रोज दुपारी मी तो काढते, बघते, अन् फोन पोत्यावर पालथा ठेवते.