फोनवाल्या ताईंनी टाकून दिलेला शब्द

दवाखान्याच्या जिन्याखाली फोनचं टेबल होतं. तिथं फोनवाल्या ताई बसायच्या. वॉर्डात कुणाची तब्येत बिघडली की घरच्यांना कळवायचं, हे त्यांचं काम.

वरून निरोप यायचा, "कोपऱ्यातल्या खाटेवरचे आजोबा सिरीयस. बोलवा घरच्यांना." बाकीचे 'सिरीयस' एवढाच शब्द फोनवर सांगून मोकळे व्हायचे. ताई नोकरीला लागल्या त्याच वर्षी एक मुलगा त्या शब्दावर मोटरसायकल भरधाव हाणत निघाला आणि पाय मोडून बापाच्या शेजारच्या खाटेवर येऊन पडला. बाप संध्याकाळी उठून चहा प्यायला. त्या दिवसापासून ताईंनी तो शब्द टाकून दिला तो कायमचा.

निरोप आला की त्या गुडघ्यावर हात ठेवत जिना चढायच्या, माणूस स्वतः बघायच्या, सिस्टरना विचारायच्या, मनात देवाचं नाव घ्यायच्या आणि मग फोन लावायच्या. श्वास कसा चाललाय, डोळे उघडे आहेत का, कुणाची आठवण काढली, सगळं सांगायच्या. खोटा धीर मात्र देत नसत. वेळ थोडा असला तर तसं म्हणायच्या, पण एकट्यानं गाडी चालवू नका, हेही बजावायच्या.

मोठ्या सिस्टर कुरकुरायच्या की ताई फोन करत नाहीत, कीर्तन करतात. ताईंची लेक गावाच्या दुसऱ्या टोकाच्या दवाखान्यात नर्स होती. तीही हसायची. सिरीयस म्हटलं की लोकांना कळतं, म्हणायची. कळत काही नाही, नुसता धसका बसतो, असं ताईंचं उत्तर ठरलेलं.

एका दुपारी ताईंचाच फोन वाजला. पलीकडे लेक. ताईंचे यजमान बस दुरुस्तीच्या वर्कशॉपात कामाला होते. तिथंच ते छातीत कळ येऊन खाली बसले होते आणि सोबत्यांनी त्यांना लेकीच्या दवाखान्यात आणलं होतं.

इतक्या वर्षांत न उच्चारलेला शब्द ताईंच्याच तोंडून निसटला.

"सिरीयस आहेत का गं?"

लेकीचा आवाज आला, घाई नसलेला.

"आई, मी समोर उभी आहे, ऐक. हार्ट अटॅक आहे, डॉक्टर जवळच आहेत. ऑक्सिजन लावलाय, इंजेक्शन दिलंय. धोका अजून टळलेला नाही. पण बाबा शुद्धीवर आहेत, बोलतायत. एक चप्पल वर्कशॉपात राहिली म्हणून माझ्यावरच चिडलेत. तू एकटी निघू नकोस. कुणाला तरी सोबत घे आणि वाटेत ती चप्पल उचलून आण."

ताईंनी रिसीव्हर ठेवला आणि पदरानं तोंड पुसलं. ताईंचा आवाज ऐकून मोठ्या सिस्टर जिन्यावरून धावत आल्या, कुणाचा फोन म्हणून विचारू लागल्या.

"माझ्या लेकीचा," ताई म्हणाल्या. डोळे भरलेले, पण मान ताठ. "काय सांगितलंय बघा पोरीनं. सगळं सांगितलं आणि मला उभी ठेवली."

सिस्टर त्यांच्यासोबत रिक्षात बसल्या. कुरकुर त्या दिवसापासून बंद झाली.

यजमान पुढे बरे होऊन घरी आले. पण त्या दुपारी ताई वॉर्डात शिरल्या तेव्हा नळ्यांच्या गुंत्यातून त्यांनी आधी बायकोच्या पिशवीकडे पाहिलं. ताईंनी पिशवीतून चप्पल काढून खाटेखालच्या दुसरीशेजारी ठेवली आणि लेकीच्या पाठीवरून हात फिरवला.