शेवटची जागा

खिडकीच्या कट्ट्यावर राख दिसली की परळीतली ती दिवाळीची दुपार आठवते. घरोघरी नुकतीच केबल आली होती, तरी आम्ही दोस्त अडतीच्या माडीवर तीन पत्ती खेळायला जमलो होतो. थर्मल वीजकेंद्राची राख खिडकीतून येऊन सतरंजीवर बसत होती. पत्ते कायम माडीचा मालकच वाटायचा, स्वतः खेळायचा नाही, म्हणून शेवटची चाल कायम त्याच्या शेजारच्या एका ठरलेल्या जागेची. तिथं बसणारा दोस्त उन्हाळ्यात वारला होता. "आदी समद्यांची तोंडं बघ, मंग बोल बे," हे मला त्यानंच शिकवलेलं. त्याची जागा मोकळी ठेवून मी अलीकडं बसलो. आता शेवटची चाल माझी, म्हणून मनातून खूशही होतो. मालकानं सवयीनं माझ्यानंतरही त्या मोकळ्या जागेवर तीन पत्ते टाकले. माझ्या हातात तीन राजे. बाकीचे एकेक करून पॅक झाले आणि मी मधल्या नोटांकडं हात नेला. "थांब की," मालक हळूच म्हणाला, "त्याची चाल राह्यली." मी वळून पाहिलं. सगळी सतरंजी राखेनं करडी झाली होती. फक्त तिथं, एक माणूस मांडी घालून बसेल एवढी, स्वच्छ होती. मी तिन्ही राजे पालथे टाकले. अजूनही मी कुठल्याही बैठकीत शेवटी बोलतो, पण त्याआधी पलीकडच्या रिकाम्या जागेवरून बोट फिरवून घेतो.