एका बोटाचं स्टेअरिंग

आमचे सासरे, नाना, जुनी जीप एका बोटाने वळवत. डावा हात गिअरवर, आणि उजव्या हाताची तर्जनी स्टेअरिंगच्या आऱ्यात. चहात साखर ढवळावी तशी गाडी धुळ्याच्या बाजारातून बाहेर काढत. पाटबंधारे खात्यात साहेबांना फिरवून निवृत्त झालेला माणूस. मला वाटे, ही नोकरीत कमावलेली ऐट. कुणी टोकलं की म्हणत, "गाडी काय बैल शे का? बोटवर चालस." मी तसं करायला गेलो, त्याची खूण पारोळ्यातल्या एका फाटकावर अजून आहे.

एका उन्हाळ्यात नाना-नानी आमच्याकडे मेहरूणला आले, तेव्हा जीपखाली तेल ठिबकत होतं. पॉवर स्टेअरिंगचा पंप गेला होता. मेकॅनिकला बोलवा, असं घरात सगळ्यांनी सांगितलं. पण मी मोबाइलवर व्हिडिओ पाहिले होते, आणि व्हिडिओ पाहिलेल्या जावयाला कोण अडवणार? जुना पंप निघाला, नवा बसला. राहिली पट्ट्याची पुली. ती दांड्यावर हळूहळू दाबून बसवायचं वेगळं अवजार असतं, हेही व्हिडिओत होतं. पण घरात अवजार नव्हतं, हातोडा होता. ठोकली.

गाडी बघून येऊ म्हणत नानांनी मला शेजारी बसवलं. मेहरूण तलावाच्या वळणावर तिरक्या पुलीवरून पट्टा उडाला, स्टेअरिंग दगडासारखं जड झालं आणि जीप सरळ रसवंतीच्या बाकड्यांकडे निघाली. मी आडवा होऊन दोन्ही हातांनी स्टेअरिंग ओढलं. थांबलो. रसवंतीवाला जे बोलला, ते त्याच्या जागी मीही बोललो असतो. नाना ऐकतच नव्हते. आपल्या उजव्या हाताकडे बघत होते.

"पाव्हना, मूठ बी वळस नही आते," ते हळूच म्हणाले. "बोटच तेवढं चालस."

ऐट कसली, तेवढंच उरलं होतं.

घरी पोचल्यावर नाना काही बोलणार, तोच मी हातोड्याची कथा सुरू केली. सगळे पोट धरून हसले. पट्टा का उडाला, हे विचारलं. नानांना गाडी का आवरली नाही, हे कुणाच्या डोक्यातही आलं नाही. माझ्या वेंधळेपणाचा कुणाला उपयोग झाला, असं पहिल्यांदाच घडत होतं.

मेकॅनिकने दुसरा पंप बसवला, पुली नीट दाबून. नानांनी सगळ्यांसमोर अंगणात एक मोठा वळसा घेतला, बोटाने. उतरले, किल्ली माझ्या हातात ठेवली आणि जाहीर केलं की जावयाला आता गाडी चालवण्यात गुंतवा, नाहीतर तो आणखी काहीतरी ठोकेल. त्यानंतर ते कायम शेजारच्या सीटवर बसले.

हातोडा मात्र वाढत गेला. मी सांगताना तो मोठा होई, नाना सांगताना त्याचा घण होई. नाना गेल्यावर त्यांच्या पुण्यानुमोदनाला जमलेल्या पाहुण्यांनीही तीच गोष्ट काढली, आणि त्या दिवशीही लोक हसले. मीही मान खाली घालून हसलो.

पाणी द्यायला आलेल्या नानी क्षणभर माझ्याजवळ थांबल्या.

"तुमना हातोडा चांगला कामले उना, पाव्हना," म्हणाल्या, आणि पुढच्या माणसाला पाणी द्यायला गेल्या.