बेचाळीस मार्कांचं शिफारसपत्र

अमेरिकेत वकिलीच्या कॉलेजात जायला आधी एखादी पदवी लागते. माझ्याकडे राज्यशास्त्राची बी.ए. होती, त्रेसष्ट टक्के. कोल्हापुरात त्रेसष्ट म्हणजे फर्स्ट क्लास. वडिलांनी गल्लीभर पेढे वाटले होते. पुढे सायबर कॅफेत अर्ज वाचताना कळलं, की तिकडे त्रेसष्ट म्हणजे जेमतेम पास. हा फरक समजावून सांगणारं शिक्षकाचं पत्र नसेल, तर अर्ज पाठवायचा तरी कशाला?

वडिलांच्या मते पत्र साखर कारखान्याच्या एका संचालकांचं हवं होतं. त्यांचं लेटरहेड चार रंगांत होतं. त्यांनी मला कधी पाहिलं नव्हतं, पण तेवढ्याने त्यांचं काही अडत नव्हतं.

मी मात्र गारगोटीची एसटी धरली. मला तीन वर्षं शिकवणारे आणि चाचणीत कुणालाही पासष्टच्या वर जाऊ न देणारे आमचे सर निवृत्त होऊन तिकडे आपल्या गावी राहत होते. आदल्या दिवशी त्यांच्या शेजारच्या दुकानात फोन करून निरोप ठेवला होता. शिफारसपत्र आपणच लिहून न्यायचं आणि सरांनी सही करायची, ही आमच्याकडची रीत. मीही झकास इंग्रजीत लिहून नेलं. त्यात माझी बुद्धिमत्ता असामान्य होती आणि नेतृत्व उपजत.

सर म्हशीला वैरण टाकत होते.

"या, अमेरिकेचं पावणं!"

हात धुऊन त्यांनी पत्र वाचलं, आत गेले आणि लाल पेन घेऊन आले. 'असामान्य' खोडलं. समासात लिहिलं, 'पुरावा?'

"नेतृत्व कवा केलंस गं? सहलीला गेलतो तवा तुझ्यापायी एसटी चुकली की."

शेवटी खाली गोल करून आकडा घातला : ४२.

"पास हाय. च्या घे."

"सर, हा पेपर नाही. सही पाहिजे होती."

"हातात कागद दिलास, म्या तपासणारच."

मग मी त्रेसष्टचं दुखणं सांगितलं. सरांचा चेहरा बदलला.

"त्रेसष्टला जेमतेम म्हणत्यात?"

"व्हय."

मार्क माझे होते, पण अपमान त्यांचा झाला होता. घराच्या पुढच्या सोप्यात बसून त्यांनी तासभर फुलस्केपवर स्वतः लिहिलं. मी लेटरहेडचं विचारलं.

"ते संचालकास्नी लागतंय."

पत्र एकाच कचेरीत पाठवायचं, तिथून त्याच्या प्रती सगळ्या कॉलेजांना जात; पण अर्जदाराने ते वाचायचं नाही, असा तिकडचा नियम होता. तो सरांना फार आवडला. पाकीट त्यांनी भाताच्या शितांनी चिकटवलं आणि जोडावर सही केली.

"काय लिहिलंय, सर?"

"परीक्षेआधी पेपर फोडत न्हाईत."

पाच कॉलेजांपैकी चारांनी नकार दिला. पाचव्याचं पत्र आलं तेव्हा, संचालकांचं पत्र लागलंच नव्हतं तरी, वडील पेढे घेऊन त्यांच्याकडे गेले, आणि मी गारगोटीच्या एसटीत बसले. ते बेचाळीस मार्कांचं पत्र अजून माझ्याकडे आहे. घड्यांवर विरलंय, पण लाल शाई टिकून आहे. सरांनी पाकिटात काय लिहिलं होतं, ते मात्र मला कधीच कळलं नाही.

त्या दिवशी सरांनी कॉलेजचं पत्र सावकाश वाचलं. मला प्रवेश देताना कॉलेजला 'अत्यंत आनंद' होत होता, माझी निवड 'असाधारण' उमेदवारांमधून झाली होती. सरांचा हात सवयीने खिशातल्या पेनाकडे गेला.

"लई फुगवून लिवलंय," ते म्हणाले. "पण पास करू."